पाठीला पाठ

झोप येते आहे की नाही, हे अच्युत मास्तरांना ठरवता येत नाही. चैत्रातली दुपार आहे. मठामागच्या खोलीत सतरंजीवर ते डाव्या कुशीवर पडले आहेत. डोक्याखाली कापसाची मऊ उशी आहे, डोळे मिटलेले आहेत. बाहेर शेवंताक्का प्रसादाची पातेली घासते आहे आणि घासता घासता एकटीच बोलते आहे. तिचे शब्द आधी सुटे सुटे ऐकू येतात. मग त्यांचा नुसता आवाज उरतो.

ओसरीवर दोन तरुण थांबले आहेत. दर्पण आणि विनायक. सकाळीच पुण्याहून आले. त्यांना उपदेश घ्यायचा आहे, म्हणजे कानमंत्र. या नाथपंथी मठात तो इथले गुरू, बाबा, देत. बाबांनी जाण्याआधीच सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे ते काम आता मास्तरांकडे आलं आहे. मठाची रीत साधी आहे. एकटा माणूस आला तर त्याला एकट्यानं बसवायचं आणि त्याचा मंत्र त्याला द्यायचा. नवराबायको आले तर जोडीनं बसवायचं आणि दोघांना मिळून एकच मंत्र द्यायचा. मिळालेला मंत्र बाहेर कुणालाही सांगायचा नाही. आईला नाही, गुरुबंधूला नाही.

"आम्हाला जोडीनं बसायचंय," दर्पण सकाळी म्हणाला होता.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला होता. "म्हणजे?"

"म्हणजे आम्ही जोडीदार आहोत, सर. भाऊ नाही, मित्र नाही. एकत्र राहतो, दोघंही ध्यान करतो."

"याआधी दोन ठिकाणी विचारलं," विनायक म्हणाला होता. "एका ठिकाणी म्हणाले, आधी ही सवय सोडा. दुसरीकडे म्हणाले, आत्म्याला बाई-पुरुष काही नसतं. आणि मग आम्हाला वेगवेगळ्या खोल्या दिल्या."

"मग आत्मा कंच्या खोलीत निजला?" शेवंताक्कानं चुलीपासून विचारलं होतं. पोरं हसली होती. मास्तर हसले नव्हते. "आरतीच्या आधी सांगतो," एवढंच म्हणून ते आत आले होते.

अडचण अशी आहे. मास्तर आणि सुबराव मोहिते म्हातारे होईपर्यंत एका घरात राहिले. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत, सुबराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. लोकांनी विचारलं की मास्तर सांगत, गुरुबंधू आहोत. लोक मान हलवत. दोन साधक एका छपराखाली राहतात, यात कुणाला काही वावगं दिसत नसे. आणि बाबांना तर, मास्तरांची खात्री आहे, न सांगता सगळं माहीत होतं. तरी उपदेश द्यायची वेळ आली तेव्हा बाबांनी दोघांना वेगळं बसवलं. सकाळी मास्तरांना, संध्याकाळी सुबरावला.

ही जोडी नव्हे, असंच बाबांना म्हणायचं होतं का? तसं असेल, तर ओसरीवरच्या पोरांना जोडीनं कसं बसवायचं? गुरूनं जे केलं नाही ते करणारे आपण कोण? आणि तसं नसेल, तर मग बाबांच्या मनात काय होतं? विचारणार कुणाला? बाबा गेले. सुबरावही मागच्या पौषात गेला.

मास्तर विचार सोडून श्वासाकडे वळतात. श्वास आत जाताना सो, बाहेर येताना हं. सो. हं. शेवंताक्काची पातेली लांब जातात. सो. मग पुढचा हं मास्तरांनी सोडायच्या आधीच कुणीतरी सोडतं.

"पान्हा द्या, मास्तर."

खोलीच्या मधोमध खड्डा आहे. डेपोत बसच्या पोटाखाली उतरून काम करायला असतो तसला. वर बस उभी आहे. एवढी मोठी बस या खोलीत कशी मावली, असं मास्तरांच्या मनात येतं आणि लगेच जातं. खड्ड्यातून सुबराव वर बघतो आहे. कपाळाला काळं वंगण, दाढीचे खुंट वाढलेले. आजारपणातला नाही, त्याच्या आधीचा सुबराव आहे. दंड भरलेले आहेत.

मास्तरांच्या हातात रंगाचा ब्रश आहे. ते तोच देतात. सुबराव ब्रशनं नट आवळतो आणि म्हणतो, "बसला."

"सुबराव, अहो-जाहो कशाला? कोण आहे इथं?"

घरात दोघंच असले की सुबराव 'अच्युत' म्हणे. 'मास्तर' आणि 'तुम्ही' चारचौघांत.

"बसमधी पॅसिंजर हाईत," सुबराव आवाज खाली आणतो. "हळू बोला."

मास्तर वर बघतात. खरंच बस भरलेली आहे. खिडक्यांना माना टेकून माणसं झोपली आहेत. ओळखीची असावीत, पण एकाचंही नाव आठवत नाही.

"मला तुला एक विचारायचंय."

"विचारा की. पर असं वाकून नको. कंबर धरंल. हिकडनं या."

मास्तर खड्ड्यात उतरतात आणि दुसऱ्या टोकानं वर येतात, तेव्हा ते शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गात आहेत. रंगाच्या बाटल्यांचा वास येतो आहे. फळ्यावर खडूनं काढलेलं मडकं आहे. त्यातून पाणी झिरपून खाली फरशीवर थेंब थेंब पडतं आहे. पुढच्या बाकावर सुबराव गुडघे दुमडून बसला आहे. बाक लहान मुलांचं, त्याला पुरत नाही.

"चित्र झ्याक हाय," तो म्हणतो. "पर मडकं गळतंय तुमचं."

मास्तरांना बाबांबद्दल विचारायचं असतं. ते तोंड उघडतात आणि भलतंच बाहेर पडतं. "आपण मठात का गेलो रे?"

"मी आमटीसाठी."

"काय?"

"अमावास्येची आमटी. शेवंताक्काच्या हातची. डेपोतली सगळी जायची, म्हणून मी बी गेलो. तू कशाला आलावतास?"

आता तो 'तू' म्हणाला आहे. मास्तर मागे वळून बघतात. बस नाही. वर्गाचं दार नुसतं उघडं आहे, आणि बाहेर मैदान असायला हवं तिथे काहीच नाही.

"मी ध्यानासाठी आलो होतो."

"खोटं बोलू नगंस. खांबाआडनं बघत व्हतास माझ्याकडं. ध्यानाला डोळं मिटत्यात, अच्युत."

मास्तरांना हसू येतं. "मग तो सगळा आडोसाच होता का? मठ, माळ, आसन. लोकांनी विचारलं तर सांगायला बरं, म्हणून?"

"आडोसा तर व्हताच की." सुबराव बोटावरचं वंगण बाकाला पुसतो. "घर म्हंजे तरी काय असतंय? आडोसाच. आत चूल पेटली का न्हाई, ते बघायचं."

"पेटली होती?"

"मला काय इचारतोस? मी मेलोय. तूच सांग."

बाक लांब होत जातं. मास्तर त्याच्या कडेनं चालतात. ते संपत नाही. आता ते दवाखान्याच्या बोळातलं बाकडं आहे, आणि रंगाचा वास फिनेलचा झाला आहे. समोर दार, दारात नर्स. हीच नर्स पौषातही होती.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

"गुरुबंधू," मास्तर म्हणतात. तेव्हाही हेच म्हणाले होते.

"भाऊ ना? मग सरळ भाऊ म्हणा की."

सुबराव शेजारी बसला आहे. खांद्यावर टॉवेल, हाताला सुईची पट्टी. तो मास्तरांच्या कानाशी लागून म्हणतो, "बरं झालं भाऊ म्हणाली. मेव्हणा म्हणाली असती तर बहीण कुठनं पैदा केली असतीस?"

"गप्प बस," मास्तर म्हणतात.

"कोण तुम्ही?" नर्स पुन्हा विचारते. रागानं नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं आहे. मास्तर तोंड उघडतात. सकाळी ओसरीवर दर्पणनं एका दमात उच्चारलेला शब्द त्यांना हवा आहे. तो जिभेवर येत नाही. ते शोधत राहतात. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्याकडे पाठ करून टांगलेलं आहे.

शेवटी सुबरावच बोलतो. "बाई, तव्यावरची पहिली भाकरी मला वाढतो, त्यो ह्यो माणूस."

"असं होय," नर्स म्हणते आणि दार उघडून बाजूला होते.

दारापलीकडे वॉर्ड नाही, त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर आहे. ओट्यावर झाकलेलं दूध आहे. जमिनीवर दोन आसनं, एकमेकांकडे पाठ करून मांडलेली. जपाला ते असेच बसत. समोरासमोर बसलं तर ओठांच्या हालचालीवरून दुसऱ्याचा मंत्र कळायचा, म्हणून ही शिस्त मास्तरांनी घालून दिली होती. सुबरावनं ती पाळली, फक्त आसन दर वर्षी थोडं थोडं मागे सरकवत आणलं. शेवटी शेवटी पाठीला पाठ टेकलेली असे. जप चालू असताना त्याच्या बरगड्या हलायच्या, ते मास्तरांना आपल्या पाठीत कळायचं. तेवढ्यावर मास्तर थांबले होते. त्याच्या पुढचं त्यांना कधी माहीत करून घ्यायचं नव्हतं.

ते बसतात. पाठीला पाठ लागते. ती उबदार आहे. मेलेल्या माणसाची पाठ अशी असते का, असा प्रश्न मास्तरांना पडतो, आणि तो विचारायची त्यांना लाज वाटते.

"बाबांनी आपल्याला वेगळं का बसवलं?" अखेर ते विचारतात.

"कुठं वेगळं?"

"मी सकाळी होतो. तू संध्याकाळी."

"व्हय."

"मग वेगळं नाही तर काय?"

वरून काहीतरी दोघांच्या डोक्यांवर पडतं आणि अंधार होतो. खरखरीत, जड, मेंढरांच्या वासाचं. घोंगडी आहे. या मठात उपदेश घोंगडीखालीच देतात. बाबा स्वतःची घोंगडी शिष्याच्या डोक्यावरून ओढून घेत आणि आतल्या काळोखात त्याच्या उजव्या कानात मंत्र सांगत. आत हवा थोडी असते. मास्तरांना गुदमरतं. ते वळतात. सुबरावही वळलेला आहे. चेहरा दिसत नाही, पण त्याचा श्वास गालावर येतो.

"तुझा मंत्र सांग," सुबराव म्हणतो.

"सांगायचा नसतो."

"मेलेल्या माणसाला बी?"

"तसं कुणी सांगितलेलं नाही. पण नाहीच."

"तुझं नियम तुझ्यापाशी. मी सांगतो माझा. मला आता काय हुनार हाय?"

"सुबराव, नको."

सुबराव वाकतो. मास्तरांच्या उजव्या कानात त्याचे ओठ टेकतात, आणि तो सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणतो.

मास्तर दचकतात. मग त्यांना राग येतो. इतका राग त्यांना आयुष्यात सुबरावचा कधी आलेला नाही.

"हा माझा आहे!"

"तुझा कसा? माझा हाय."

"माझा आहे, सुबराव. मला बाबांनी दिलेला. तू माझ्या ओठांवरून उचललास. झोपेत ऐकलास."

"अरं, तुझ्याकडं पाठ करून बसवलंस मला जन्मभर. ओठ कवा दिसलं तुझं?" त्याचा आवाजही चढला आहे. "मला बाबांनी दिला. संध्याकाळी. ह्याच घोंगडीत."

"हीच कशी असेल? सकाळी मी उठल्यावर बाबांनी ती काढून ठेवली असणार."

"काढलीच न्हाई त्यांनी." सुबराव आता हळू बोलतो. "तू उठून गेलास, आन बाबा तशीच पांघरून बसलं दिवसभर. न जेवता. मी आत शिरलो तवा वल्ली व्हती ती घामानं. आन आत सगळा तुझा वास. खडूचा, त्या रंगाच्या बाटल्यांचा. मला वाटलं, तू अजून आतच हायस. चाचपडलो बी मी. बाबा हसलं."

एवढ्या काळोखातही मास्तरांना डोळे मिटून घ्यावेसे वाटतात.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगाय तर आलोवतो. मठाच्या उतारावर, तू सायकल धरून उभा व्हतास. मी म्हणलं, अच्युत, आत काय झालं म्हाईत हाय का? आन तू काय म्हणलास? आतलं बाहेर बोलायचं न्हाई. एक शब्द न्हाई. कधीच न्हाई. मी म्हणलं, बरं."

"आणि तू खरंच कधी बोलला नाहीस."

"तू सांगितलंवतंस न्हवं?"

मास्तरांच्या मनात एक थंड, हिशोबी विचार येतो. शाळेत एखाद्या चित्रात सावली चुकीच्या बाजूला पडलेली दिसली की यायचा तसा. "थांब. हे स्वप्न आहे. माझ्या स्वप्नात माझाच मंत्र ऐकू येणार. दुसरा माझ्या डोक्यात आहेच कुठे?"

"असंल," सुबराव म्हणतो. "मग माझ्या डोक्यात कुठनं आला?"

"तूही माझ्याच डोक्यात आहेस."

"ते तर पहिल्यापास्नं हाय." तो हसतो, खोकल्यासारखं, त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं. "किती घामेजलायस. थांब."

तो घोंगडीची एक बाजू मुठीत धरतो आणि मास्तरांचा चेहरा पुसतो. नीट पुसता त्याला कधीच आलं नाही, बसचं बॉनेट पुसावं तसा जोर लावतो. उजव्या कानापासून हनुवटीपर्यंत लोकर खरवडत जाते. "दुखतंय," मास्तर म्हणतात. तो हात काढत नाही, तसाच दाबून धरतो. मास्तरांना वाटतं, आता अजून एक विचारावं. काय विचारायचं ते जवळजवळ सापडतंच आहे—

"मास्तर! च्या निवाय लागला."

खोलीत उजेड आहे. दारात शेवंताक्का कप-बशी धरून उभी आहे. जमीन सपाट आहे. मास्तर उठून बसतात. डावा हात अंगाखाली राहून बधिर झाला आहे, म्हणजे कूस बदललेली नाही.

"पोरं दोनदा च्या प्याली," ती म्हणते. "त्यातला एक म्हणाला, पातेली घासू लागतो. मी म्हणलं, घास. कुणाला न्हाई म्हणायची सवं न्हाई मला."

मास्तर कप घेतात, पण पीत नाहीत. "आक्का, ज्या दिवशी बाबांनी सुबरावला उपदेश दिला, त्या दुपारी बाबा जेवले होते का?"

"जेवत्यात कुठलं!" शेवंताक्का उंबऱ्यावरच टेकते. "असाच उकाडा व्हता. ताट झाकून ठेवलंवतं मी. बाबा आपलं घोंगडी पांघरून बसल्यात, घामाची धार लागल्या. मी म्हणलं, बाबा, काढा की ती, उबून मरशीला. तर म्हणलं, काढता येत न्हाई गं. अजून एकजण आत यायचाय."

मास्तर कप खाली ठेवतात.

"हे तुम्ही मला याआधी कधी सांगितलं होतं?"

ती आठवून बघते. "सांगितलं असंल. न्हायतर नसंल बी. तुमाला मठातलं काय सांगाय गेलं की तुमी गप बसवता. कशापायी?"

"काही नाही."

मास्तरांना नक्की काही कळत नाही. तिनं कधीतरी सांगितलं असेल, आपण ऐकून विसरलो असू, आणि तेच झोपेत सुबरावच्या तोंडून परत आलं असेल. मंत्र आपलाच होता, तो तर असणारच. या सगळ्याचा सरळ अर्थ लागतो. लावून झाल्यावरही बाबांचं ते वाक्य जागेवरच राहतं. 'अजून एकजण आत यायचाय.' ते स्वप्नातलं नाही. ते शेवंताक्कानं आत्ता, उंबऱ्यावर बसून सांगितलं आहे.

"आन ह्यो गाल कशानं सोलला?" ती पुढे वाकून विचारते.

"कुठला?"

"उजवा. कानापास्नं खाली. विणीचं ठसं उठल्यात बघा. लाल."

मास्तर बोटं फिरवतात. कातडीवर बारीक, आडव्या-उभ्या रेघा लागतात, जाड लोकरीच्या विणीसारख्या. दाबल्या की दुखतात. ते उशीकडे बघतात. कापडी आहे, गुळगुळीत, आणि खाली होता तो डावा गाल. खोलीत घोंगडी नाही. बाबांची होती ती बाबांबरोबर समाधीत गेली.

ओसरीवरून दोघांचं हलक्या आवाजातलं बोलणं येतं. वाद चालला असावा, नाही तर मस्करी.

"आक्का, कोठीतली सगळ्यांत मोठी घोंगडी काढा."

"किती मोठी?"

"दोघं मावतील अशी."

शेवंताक्का त्यांच्याकडे बघते. मग पदर खोचत उठते. "पोरं ताडमाड हाईत. पाय बाहेर राहत्याल."

"राहू देत," मास्तर म्हणतात आणि चष्मा न घेताच ओसरीकडे निघतात. बाहेर ऊन अजून कलंडलेलं नाही. दारातून जाता जाता कानशिलावरचा घाम गालावरच्या त्या रेघांवर उतरतो, आणि झोंबतो.